लांब फेकण्यापेक्षा मोकळी वाहू द्या: ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग शिकताना

नेहमीच्या गळाने मासे धरताना वजन असतं ते शिशाच्या गोळीत. गोळी फेकली की तिच्यामागे दोरी ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हे सगळं उलटं. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस आणि दोरा बांधून केलेला नकली किडा. त्याला वजन जवळपास नसतंच, त्यामुळे फ्लाय फेकताच येत नाही. फेकायची असते ती जाड, वजनदार लाइन. ती हवेत उलगडत गेली की टोकाची फ्लाय आपोआप पुढे जाऊन पडते. शिकतानाच्या निम्म्या अडचणी ही एक गोष्ट हाताला न पटल्यामुळे येतात. डोक्याला ती लगेच पटते, हाताला वेळ लागतो.

दुसरा गैरसमज अंतराचा. वीस-पंचवीस मीटरवर फ्लाय टाकता आली की मासा मिळणार, असं नवशिक्याला वाटतं. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. ओढ्यांत आणि लहान-मध्यम नद्यांत बहुतेक ट्राउट सहा ते बारा मीटरच्या आतच लागतात. तेवढ्या अंतरात हवी ती जागा साधणं आणि पडलेली फ्लाय प्रवाहाबरोबर मोकळी वाहू देणं, खरी मेख इथे आहे.

सामान: कुठे खर्च करायचा, कुठे नाही

पहिला रॉड ९ फुटी, ५ नंबरचा, चार तुकड्यांचा घ्यावा. ‘५ नंबर’ हे रॉडचं वजन नव्हे. तो कोणती लाइन पेलतो याचा तो आकडा. हे नंबर लाइनच्या पुढच्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतात. ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट सुमारे १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम भरतात. रॉड ५ चा तर लाइनही ५ चीच. ३ नंबरची लाइन लावली तर ५ चा रॉड पुरेसा वाकत नाही, आणि न वाकलेला रॉड लाइन फेकत नाही. अरुंद ओढ्यांवर ३ किंवा ४ नंबर, मोठ्या नदीत वजनदार फ्लायसाठी ६ नंबर वापरतात. ५ नंबर या सगळ्यांत निभावून जातो. विकणारे बऱ्याचदा ‘फास्ट’ रॉड पुढे करतात. तो ताठ असतो, फक्त शेंड्याकडे वाकतो. शिकताना मध्यम किंवा मध्यम-फास्ट बरा, कारण तो खालपर्यंत वाकतो आणि लाइनचं वजन हाताला कळतं.

पैसे कमी असतील तर काटकसर रिळावर करावी, लाइनवर करू नये. ट्राउटच्या बाबतीत रीळ म्हणजे बहुतांशी लाइन गुंडाळून ठेवायची जागा. ब्रेक हलका आणि गुळगुळीत चालला, झटके देत सुटला नाही, की पुरे. लाइन मात्र चांगली हवी. खोक्यावर ‘डब्ल्यूएफ-५-एफ’ असं लिहिलेलं असतं: वजन पुढच्या भागात असलेली, ५ नंबरची, तरंगणारी. बुडणाऱ्या लाइनच्या नादी पहिल्या वर्षी लागू नये. रंग भडक असला तर उत्तम, लाइन पाण्यावर कुठे चालली आहे ते दिसतं. मासा भिईल ही चिंता नको, कारण लाइन आणि फ्लाय यांच्यामध्ये पारदर्शक लीडर असतो.

लीडर ९ फुटी, निमुळता, ५ एक्सचा घ्या. त्याच्या बारीक टोकाला जोडायचा सुटा धागा म्हणजे टिपेट. ४ एक्स, ५ एक्स आणि ६ एक्सची एकेक चकती जवळ ठेवा. एक्सचा आकडा वाढला की धागा बारीक होतो. ११ मधून तो आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मिळते. ५ एक्स म्हणजे ०.००६ इंच, सुमारे ०.१५ मिलिमीटर, ४ एक्स ०.१८ आणि ६ एक्स ०.१३ मिलिमीटरच्या आसपास. कोणत्या फ्लायला कोणतं टिपेट, याचा ठोकताळा सोपा आहे: गळाच्या नंबराला ३ ने भागा. १२ नंबरला ४ एक्स, १४ आणि १६ ला ५ एक्स, १८ ला ६ एक्स. (गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हेही लक्षात असू द्या.) टिपेट फार जाड असलं तर फ्लाय ताठ, ओढल्यासारखी वाहते. फार बारीक असलं तर फेकताना पीळ पडतो आणि मासा लागला की तुटतं.

बाकी लागतं ते एवढंच: पोलराइज्ड चष्मा, काठाची टोपी, गळ काढायचा बारीक चिमटा, धागा कापायचं नेलकटर, फ्लाय तरंगती ठेवायचं जेल, बारीक छऱ्यांची डबी आणि रबरी जाळीचा झेला. चष्मा हौस म्हणून नाही. तो पाण्यावरची चकाकी काढून तळ दाखवतो, आणि मागून येणाऱ्या गळापासून डोळा वाचवतो. गवतावर सराव करतानाही तो घालायचाच. पाण्यात उतरायचे वेडर्स (पाणी आत न येऊ देणारी लांब विजार) पहिल्या दिवसापासून नसले तरी चालतं.

जोडणी आणि गाठी

आधी रिळाचा दांडा कोणत्या हाताने फिरवणार ते ठरवा, मग लाइन भरा. उजव्या हाताने फेकणाऱ्याने दांडा डावीकडे ठेवला तर मासा लागल्यावर रॉडचा हात बदलावा लागत नाही. रिळावर सगळ्यात आत बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागची राखीव दोरी: २० पौंड ताण पेलणारा डेक्रॉनचा धागा, ४० ते ५० मीटर. मोठा मासा लांब पळाला तर ते कामाला येतं, आणि एरवी रिळाचा गाभा जाड करतं, त्यामुळे लाइनला घट्ट वेटोळ्यांची सवय लागत नाही. बॅकिंगवर लाइन, आणि लाइनच्या पुढच्या फासात लीडरचा फास. हे दोन फास जोडताना पुष्कळांचं चुकतं. लाइनचा फास लीडरच्या फासातून घाला, मग लीडरचं बारीक टोक लाइनच्या फासातून ओवून पूर्ण लीडर खेचा. दोन्ही फास एकमेकांत सरळ, दोन हातांनी हस्तांदोलन केल्यासारखे बसले पाहिजेत. एक फास दुसऱ्याला गळफासासारखा आवळत असेल तर सोडून पुन्हा करा, नाहीतर तो लाइनचं वेष्टन कापतो.

रॉड शेंड्याकडून जोडत या. प्रत्येक सांधा कड्या थोड्या तिरप्या ठेवून सरकवा आणि शेवटी पिळून एका रेषेत आणा. लाइन कड्यांतून ओवताना लीडरचं टोक धरून ओवू नका. लाइनच दुमडून, दुपदरी करून ओवा. हातातून सुटली तरी दुमड कडीत अडकते, सगळी सरसर खाली येत नाही. लीडर खोक्यातून काढला की वेटोळ्यांत राहतो. तो बोटांच्या चिमटीतून दोन-तीनदा सावकाश ओढून सरळ करा.

सुरुवातीला गाठी दोनच शिका, पण त्या अंधारात बांधता येतील इतक्या.

फ्लाय बांधायला सुधारित क्लिंच गाठ. टिपेट गळाच्या डोळ्यातून दहा-बारा सेंटीमीटर बाहेर काढा. मोकळं टोक मुख्य धाग्याभोवती पाच वेढे फिरवा. मग ते डोळ्यालगतच्या छोट्या फटीतून घाला, आणि त्यातून जो मोठा फास तयार झाला त्यातून परत बाहेर काढा. आता ओलं करा, म्हणजे सरळ थुंकी लावा, आणि मुख्य धागा सावकाश खेचा. वेढे शेजारी शेजारी, एकावर एक न चढता बसले पाहिजेत. जास्तीचं टोक दोन मिलिमीटर ठेवून कापा.

लीडरला टिपेट जोडायला सर्जन गाठ. दोन्ही धागे पंधरा सेंटीमीटर एकमेकांवर येतील असे समांतर ठेवा, दोन्हींचा मिळून एक फास करा, आणि त्यातून लीडरचं टोक व टिपेटचा अख्खा लांब भाग असे दोन्ही एकत्र तीनदा ओवा. ओलं करा, चारही पदर एकाच वेळी ओढा. टिपेट साधारण ५०-६० सेंटीमीटर ठेवा.

गाठ ओली करण्यावर एवढा भर का? कोरडी गाठ आवळताना घर्षणाने धागा तापतो आणि नेमका तिथेच कमजोर होतो. प्रत्येक गाठ हाताने ताणून बघा. तुटायची असेल तर ती हातात तुटू दे.

फेक: आधी गवतावर

पहिले काही दिवस पाण्यापासून लांब राहिलेलं बरं. मोकळं गवत, रॉड, लाइन, लीडर, आणि फ्लायच्या जागी लोकरीचा छोटा तुकडा. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तासभर सलग केलं तर मनगट थकतं आणि चुकाच मुरतात.

मूठ सैल, अंगठा वरच्या बाजूला, लक्ष्याच्या दिशेने. समोर सात-आठ मीटर लाइन सरळ पसरलेली. रॉडच्या हाताच्या तर्जनीखाली लाइन दाबून धरा. आता क्रम असा:

१. शेंडा जमिनीलगत आणून लाइनमधली सगळी ढील काढा. शेंडा छातीच्या उंचीवर ठेवून सुरुवात केली तर निम्मी ताकद ढील गोळा करण्यात जाते.

२. कोपरापासून हात सावकाश उचला, वेग वाढवत न्या, आणि रॉड कानाशेजारी, घड्याळाच्या एकच्या ठोक्याशी आला की खाडकन थांबवा.

३. थांबा. मान वळवून मागे बघा. लाइन मागे पूर्ण उलगडेपर्यंत हात हलवायचा नाही.

४. तसाच वेग वाढवत पुढे आणा आणि दहाच्या ठोक्याशी पुन्हा खाडकन थांबवा.

५. लाइन पुढे उलगडली की ती खाली येताना तिच्याबरोबर शेंडा खाली आणा.

यात जादू आहे ती थांबण्यात. वेग वाढताना रॉड वाकतो. अचानक थांबला की तो सरळ होतो आणि साठलेली ताकद लाइनला देतो. ढकलत ढकलत पुढे नेला तर लाइनला काहीच मिळत नाही. हवेत लाइनचा जो आडवा ‘यू’ आकाराचा लूप दिसतो तो अरुंद हवा, आणि तो अरुंद होतो शेंडा सरळ रेषेत गेला तरच. मनगट मागे लुळं पडलं की शेंडा कमानीत फिरतो आणि लूप रुंद होऊन वाऱ्यात मरतो. त्यावर जुना उपाय आहे: रॉडचं बूड शर्टाच्या बाहीत खोचा किंवा मनगटाला पट्ट्याने सैल बांधा, मनगट मोडलं की लगेच कळतं.

बाकीचे दोष आवाजावरून आणि गाठींवरून ओळखता येतात. मागे चाबकासारखा कडाका ऐकू आला तर पुढे यायची घाई झाली. खरी फ्लाय असती तर ती तुटून गेली असती. लाइन मागे गवताला लागत असेल तर थांबणं लांबलं किंवा रॉड फार मागे गेला. लीडरमध्ये आपोआप गाठी पडत असतील तर पुढच्या फेकीत जोर सुरुवातीलाच एकदम लावला जातोय. शेंडा मध्येच खाली बुडतो आणि लूपचा वरचा पदर खालच्याला छेदतो. लोक याचा दोष वाऱ्याला देतात. वाऱ्याचा त्यात फारसा हात नसतो. मात्र अशी गाठ दिसली की ते टिपेट कापून टाका, कारण त्या गाठीने धाग्याची ताकद जवळपास निम्मी होते.

हवेत चार-पाचदा पुढे-मागे करत राहायची खोड लागू देऊ नका. एक किंवा दोन, बस. फ्लाय हवेत असताना मासा मिळत नाही, आणि प्रत्येक जादा फेरी म्हणजे झाडात अडकायची आणखी एक संधी.

मागे झाडी असेल तिथे रोल कास्ट कामाला येतो. हा मात्र पाण्यावरच शिकावा लागतो, कारण लाइनला पाण्याची पकड हवी असते. समोर पसरलेली लाइन पाण्यावरूनच सावकाश मागे सरकवा, रॉड कानामागे तिरपा करा आणि लाइनचा झोळ रॉडच्या मागे लोंबेपर्यंत पूर्ण थांबा. मग पुढे झपकन आणून दहाच्या ठोक्याशी अडवा. लाइन चाकासारखी गडगडत पुढे जाते. जात नसेल तर बहुधा मागचा झोळ तयार व्हायच्या आत हात पुढे गेला.

पाणी वाचणं

ट्राउटला एकाच जागी तीन गोष्टी हव्या असतात: वाहत येणारं खाणं, फार दमवणार नाही असं पाणी, आणि पळून लपायला जागा. वेगवान धार आणि संथ पाणी जिथे एकमेकाला घासतात ती रेष पहिल्यांदा शोधा. पाण्यावरचा फेस बहुधा तिथूनच वाहतो, आणि फेस जिथून जातो तिथूनच किडेही जातात. मासा संथ बाजूला उभा राहतो आणि घास घ्यायला धारेत डोकावतो. मोठ्या दगडाच्या मागे मासा असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. दगडाच्या पुढेही पाणी अडून एक मऊ उशी तयार होते, तिथे बऱ्याचदा जास्त चांगला मासा असतो. डोहाचं तोंड, जिथे खळाळ खोल पाण्यात उतरतो, आणि आतून पोखरलेला काठ, याही हमखास जागा. डोहाच्या मधोमध खोल, निश्चल पाण्यात नवशिक्याने वेळ घालवू नये.

ट्राउटचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला असतं. म्हणून खालून वर चालत जायचं, म्हणजे आपण त्याच्या पाठीमागे राहतो. पाण्याखालून त्याला वरचं जग सुमारे ९७ अंशांच्या गोल खिडकीतून दिसतं आणि त्या खिडकीच्या कडेला, क्षितिजालगतच्या गोष्टी दबलेल्या, अंधुक दिसतात. वाकून किंवा गुडघ्यावर बसून पुढे सरकलं तर आपण त्या अंधुक पट्ट्यात राहतो. उभ्याने काठावर गेलात की संपलं. पाऊल आपटू नका, काठाची धमक पाण्यात पोचते. पहिली फेक पायाजवळच्या पाण्यात. लांबच्या धारेत फ्लाय टाकायला म्हणून सरळ आत उतरणारे लोक मासे तुडवतच जातात.

पाण्याचं तापमान मोजायला साधा थर्मामीटर ठेवा. १० ते १६ अंश सेल्सिअसला ट्राउट चांगला खातो. २० अंशांच्या वर गेलं की रॉड आवरून घ्यावा. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि दमवून सोडलेला मासा पोहत गेलेला दिसला तरी मागाहून मरू शकतो.

फ्लाय: सहा प्रकार पुरतात

ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखाली असतं. तळातला ओला दगड उचलून उलटा करा, त्याला चिकटलेल्या अळ्या दिसतील. तीच मेजवानी. मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय आणि बारीक मिज हे चार किडे ओळखता आले तरी बस झालं. मेफ्लाय पंख शिडासारखे उभे धरतो, कॅडिस तंबूसारखे मिटतो, स्टोनफ्लाय पाठीवर सपाट ठेवतो. मिज डासाएवढा असतो.

तरंगणाऱ्या, म्हणजे ड्राय फ्लायमध्ये पॅराशूट अ‍ॅडम्स (१४ आणि १६ नंबर) आणि एल्क हेअर कॅडिस (१४). बुडणाऱ्या, अळीची नक्कल करणाऱ्या निम्फमध्ये फेझंट टेल (१६) आणि हेअर्स इअर (१४), शक्यतो मण्याच्या डोक्याच्या. मिजसाठी झेब्रा मिज (१८). आणि लहान माशाची किंवा जळवेची नक्कल करणारा वुली बगर (८ किंवा १०). मूळ अ‍ॅडम्स १९२२ मध्ये मिशिगनमध्ये लेनर्ड हॅलडे यांनी बांधली. ती कोणत्याच एका किड्याची हुबेहूब नक्कल नाही, करड्या रंगाचं काहीतरी खाण्याजोगं, एवढंच. तिचं यश पाहिलं की फ्लायच्या रंगछटांवर रात्र घालवायची गरज वाटत नाही. आकार आणि वाहण्याची रीत आधी, रंग सगळ्यात शेवटी.

ड्राय फ्लायला जेल पाण्यात टाकायच्या आधी लावायचं, मोहरीएवढं, बोटावर विरघळवून. भिजलेल्या फ्लायवर जेल लावलं तर पाणी आतच कोंडतं. आधी टिपून, हवेत झटकून कोरडी करा.

निम्फ वापरताना लीडरवर इंडिकेटर लावा, म्हणजे मासा लागल्याची खूण देणारा छोटा तरंगता गोळा. त्यापासून फ्लायपर्यंतचं अंतर पाण्याच्या खोलीच्या दीडपट. फ्लायच्या वर १५-२० सेंटीमीटरवर एक बारीक छरा. निम्फ अधूनमधून तळाला टेकली पाहिजे. दहा-बारा वेळा वाहून गेली आणि एकदाही अडखळली नाही, तर फ्लाय बदलू नका, छरा वाढवा. प्रत्येक फेकीला अडकत असेल तर एक छरा काढा. निम्फने रिकाम्या हाताने परतणाऱ्यांचा दोष बहुतेक वेळा खोलीत असतो.

वाहतं ठेवणं

आता मुख्य गोष्ट. खरा किडा पाण्याबरोबर वाहतो, त्याला कोणी ओढत नाही. आपली फ्लाय मात्र लाइनला बांधलेली असते, आणि लाइन तीन-चार वेगवेगळ्या वेगांच्या धारांवर पसरलेली. मधली धार वेगवान असेल तर ती लाइनचा फुगा करून खाली नेते, आणि फ्लाय तिच्यामागे फरफटते. यालाच ड्रॅग म्हणतात. ड्राय फ्लायच्या मागे बारीक ‘व्ही’ आकाराची रेघ उमटली की समजा, मासा ती घेणार नाही. कधी कधी रेघ दिसतही नाही. फ्लाय शेजारच्या बुडबुड्यापेक्षा किंचित वेगळ्या वेगाने चालते एवढंच. म्हणून फ्लायकडे एकटक न बघता तिच्या शेजारचा एखादा बुडबुडा निवडा. दोघं बरोबर चालले पाहिजेत.

पहिला इलाज पायांचा. दोन पावलं पुढे किंवा बाजूला सरकून मधली धार टाळता आली तर दुसरं काही करावं लागत नाही. दुसरा, लाइन पाण्यावर कमी ठेवण्याचा. पाच-सहा मीटरवर रॉड उंच धरून जवळपास सगळी लाइन हवेत ठेवता येते. एवढं जवळ जाता येत असताना लांबून फेकणं हा शुद्ध अट्टहास.

तिसरा इलाज मेंड. फ्लाय पाण्यावर पडली रे पडली की शेंडा वर उचलून मधली लाइन प्रवाहाच्या वरच्या अंगाला अर्धगोलात अलगद ठेवून द्यायची. तिचा उलटा फुगा तयार होतो. तो सरळ होऊन पुन्हा खाली फुगेपर्यंत फ्लाय मोकळी वाहते. शेंडा आडवा फिरवला तर लाइन पाण्यातून घासत जाते आणि फ्लायही उडी मारते. आधी उचला, मग ठेवा. ड्रॅग सुरू झाल्यावर मेंड करून उपयोग नाही, तो आधीच करायचा. मधलं पाणी फ्लायच्या पाण्यापेक्षा संथ असेल तर हिशोब उलटा: मेंड खालच्या अंगाला.

फ्लाय आपल्याकडे वाहत येत असेल तर तर्जनीखालून तेवढीच लाइन ओढून घेत राहा. कमी ओढली तर ढील साठते आणि मासा लागल्यावर हिसका पोचत नाही. जास्त ओढली तर आपणच ड्रॅग करतो. हात त्या वेगाला सरावायला बरेच दिवस जातात. यावर आडवाट नाही. एकाच धारेतून तीन-चार वेळा स्वच्छ वाहून गेली आणि काही झालं नाही, की हातभर पुढची धार घ्या. एकाच जागी पन्नास फेकी करून मासा येत नसतो.

मासा लागल्यावर

ड्राय फ्लाय गिळताना मासा वर येतो, तोंड मिटतो आणि खाली वळतो. तो वळू लागला की रॉड सरळ वर उचला. पाण्याचा उडालेला थेंब बघून लगेच हिसका दिला तर फ्लाय त्याच्या तोंडातून काढूनच घेतो आपण. निम्फला उलट वेळ नसतो. इंडिकेटर थबकला, बुडाला, आडवा सरकला, शंका आली, तरी उचला. वुली बगर मात्र ओढतच चालवतात; तेव्हा झटका लागला तर रॉड उचलू नका. डाव्या हाताने लाइन सरळ मागे खेचा, म्हणजे फ्लाय पाण्यातच राहते; पहिल्यांदा चुकलेला मासा बऱ्याचदा फिरून पुन्हा येतो.

मग रॉड वाकलेला ठेवायचा, लाइन कधी सैल पडू द्यायची नाही. त्याला पळायचं असेल तर पळू द्या, रिळाचा ब्रेक हलकाच असू द्या. ५ एक्स टिपेट मुठीत आवळून धरलेल्या लाइनपुढे टिकत नाही. तो पाण्याबाहेर उडी मारेल तेव्हा शेंडा खाली करा. रॉड सतत वर धरण्यापेक्षा आडवा धरून, तो डावीकडे गेला तर उजवीकडे असा ताण दिला की मासा लवकर दमतो. त्यातच त्याचं भलं आहे, कारण लांबलेली झुंज त्याच्या जिवावर बेतते.

गळाचा उलटा काटा फेकण्याआधीच चिमट्याने दाबून सपाट केलेला असावा. झेला पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा डोक्याकडून त्यात आणा. हात ओले करूनच धरा; कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याचं संसर्गापासून रक्षण करतो. गळ पाण्यातच काढा. फोटो हवाच असेल तर झेला पाण्यात, फोन तयार, आणि मासा बाहेर दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. फ्लाय खोल गिळली असेल तर ओढाताण न करता टिपेट कापून टाका. सोडताना त्याचं तोंड प्रवाहाकडे करून, पोटाखाली हात ठेवून धरा. पुढे-मागे हलवायची पद्धत चुकीची आहे, कल्ल्यांतून पाणी उलट जातं. तो आपण होऊन हातातून निसटेल.

पाण्यात उतरताना

वेडर्सच्या कमरेला पट्टा बांधल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नका. पडलात तर तो आत शिरणारं पाणी रोखतो. प्रवाह ओलांडताना बाजूने, पाय न उचलता घासत, हातात काठी घेऊन, थोडं खालच्या अंगाला तिरपं जा. एक पाय पक्का बसल्याशिवाय दुसरा हलवायचा नाही. वेगवान पाणी गुडघ्याच्या वर जाऊ लागलं की परत फिरा. वाहून गेलात तर पाठीवर पडा, पाय पुढे आणि प्रवाहाच्या दिशेने ठेवा, उभं राहण्याची धडपड उथळ पाण्यात पोचेपर्यंत नको.

तळात कुठे वाळू-खडीचा स्वच्छ, आजूबाजूपेक्षा उजळ गोल पट्टा दिसला तर त्याला वळसा घाला. तिथे अंडी असतात. ब्राउन आणि ब्रुक ट्राउट शरदात अंडी घालतात, रेनबो बहुधा वसंतात. जिथे जाणार तिथला परवाना, हंगाम, फक्त फ्लायचीच मुभा आहे का, मासा नेता येतो की सोडावाच लागतो, हे आधी तपासून घ्या. एकाच नदीच्या दोन टप्प्यांवर नियम वेगळे असू शकतात.

एका नदीतून दुसरीकडे जाताना बूट, वेडर्स आणि झेला चिखल काढून, धुऊन, पूर्ण वाळवून न्या. डिडिमो नावाचं शेवाळ एका थेंबातूनही पसरतं आणि तळ झाकून टाकतं. फेल्टचे तळवे ओल धरून ठेवतात, म्हणून काही ठिकाणी त्यांवर बंदी आहे. रबरी तळवे घ्या.

घरी आल्यावर लाइन साबणाच्या कोमट पाण्यात बुडवलेल्या फडक्यातून ओढून पुसा. मळकी लाइन तरंगत नाही आणि कड्यांतून अडखळत जाते. रॉडचे तुकडे आणि त्याची पिशवी वेगवेगळी वाळवा. वापरलेल्या फ्लाय ओल्याच डबीत घालू नका, रात्रभर उघड्या ठेवा; एका ओल्या फ्लायच्या गंजाने शेजारच्या दहा गळांचं टोक जातं.